आता नंबर तुझा

अध्यक्ष महोदय आणि एवढ्या पावसात आलेले सगळे, नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय ‘ॲनिमेमधले निवृत्त महानायक आणि त्यांचा टिकून राहणारा प्रभाव’. खाली कुणीतरी खडूने विचारलंय, ‘ॲनिमिया का?’ नाही. तरी आमचा नायक दर पाच मिनिटांनी तोंडातून रक्ताची गुळणी टाकतो, म्हणजे अगदीच संबंध नाही असं म्हणवत नाही. ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. तुमच्या नातवंडांचा डोरेमॉन तिथलाच.

सुरुवातीला एक विचारतो. इथे किती जणांचा वाढदिवस एक जूनला असतो? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! आपल्या आयांनी एकाच दिवशी आपल्याला जन्म दिला आणि तो दिवस शाळेतल्या गुरुजींनी ठरवला. त्यामुळे आपण सगळे निवृत्तही एकाच दिवशी झालो, एकतीस मेला. मीही त्यातलाच. माझा निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं हे कळेना, म्हणून भाच्याशेजारी जाऊन बसलो. तो मोबाईलवर ‘माय हीरो अकॅडेमिया’ बघत होता. मी म्हटलं, काय चाललंय? तो म्हणाला, ‘मामा, तुमच्यासारखाच एक माणूस रिटायर होतोय.’

माहीत नसणाऱ्यांसाठी दोन मिनिटांत सांगतो. कोहेई होरिकोशी या चित्रकाराची ही मांगा, म्हणजे चित्रकथा. २०१४च्या जुलैपासून २०२४च्या ऑगस्टपर्यंत एका साप्ताहिकात चालली, ४३० प्रकरणं. बोन्स स्टुडिओने तिच्यावर ॲनिमे केली, ती २०१६मध्ये सुरू झाली आणि २०२५च्या डिसेंबरात संपली. त्या जगात साधारण ऐंशी टक्के लोकांना जन्मतः काहीतरी शक्ती असते. कुणी आग ओकतो, कुणाला बेडकासारखी जीभ. महानायक ही तिथे परवाना काढून करायची नोकरी आहे. त्या सगळ्यांत पहिल्या क्रमांकावर ऑल माइट. हा धिप्पाड माणूस सदैव हसतो आणि आल्या आल्या म्हणतो, ‘मी आलोय!’ एवढं ऐकलं की लोकांचा जीव भांड्यात पडतो.

खरी गोष्ट अशी की मालिका सुरू होते तेव्हाच हा माणूस संपत आलेला आहे. पाच वर्षांपूर्वीच्या लढाईत त्याचं जठर गेलं, फुप्फुसाची वाट लागली. दिवसातून जेमतेम तीन तास तो ऑल माइट असतो, बाकी वेळ तोशिनोरी यागी नावाचा हाडांचा सापळा. हे कुणाला सांगायचं नाही. कारण तो आहे या धाकावरच देशातली गुंडगिरी दबलेली. त्याची शक्ती वारशाने आलेली आहे, तो आठवा धनी. नववा शोधतो तो इझुकु मिदोरिया, बिनशक्तीचा रडवा पोरगा. वारसा देण्याचा विधी म्हणजे गुरूचा केस गिळायचा. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढायला यापेक्षा जास्त गिळावं लागतं, असो.

आणि आता माझ्या मामांची गोष्ट. अध्यक्ष, घड्याळ बघू नका, विषय सोडलेला नाही.

माझे मामा एका नगरपालिकेत पाणी सोडायचे. गाव सांगत नाही, तिथले दोघे जण मागच्या रांगेत बसलेत. चौतीस वर्षं नोकरी. हातात व्हॉल्व्ह फिरवायचा तो लांब लोखंडी टी, सायकल, आणि पहाटे चारला बाहेर. कुठल्या पेठेचा व्हॉल्व्ह कुठे, किती आटे फिरवले की वरच्या आळीला चढतं, कुठला उलटा फिरतो, हे सगळं मामांच्या डोक्यात. नकाशा? नगरपालिकेत एक होता म्हणतात, त्यावर कुणीतरी वडापाव ठेवला होता. निम्मे व्हॉल्व्ह डांबराखाली गेलेले. मामांची खूण म्हणजे ‘पिंपळापासून सात पावलं, शिंप्याच्या पायरीच्या नाकासमोर.’ त्यांनी हे कुणाला शिकवलं नाही. हाताखाली पोरं आली, गेली. मामा म्हणायचे, ‘सांगून कळत नाही, हाताला कळावं लागतं.’ पण पोराच्या हातात टी काही दिला नाही.

आणि मामा निवृत्त कधी झाले? एकतीस मेला! धरणात गाळ, गावाला दिवसाआड पाणी, आणि त्या दिवशी नगरपालिकेने मामांना शाल घालून घरी पाठवलं. एक जूनला नवीन कंत्राटी पोरगा आला. त्याने गुरुवारच्या पेठेचं पाणी शनिवारच्या पेठेला सोडलं. एका लग्नघरी हंडा रिकामा आणि पलीकडच्या बोळात गटारीतून पाणी वाहतंय. तीन तारखेला पहाटे चारला मामांच्या दारात मोटारसायकल. चार तारखेला लागली, पाच तारखेला लागली. मामी म्हणायची, ‘ह्यांची पेन्शन तेवढी घरी येते, माणूस येत नाही.’ मामांना मनातून गुदगुल्या होत होत्या. लोक म्हणायचे, तुमच्याशिवाय गाव चालत नाही. यापेक्षा मोठा सत्कार कोणता?

सहा वर्षं हे चाललं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तरी पलंगावरून मोबाईलवर, ‘हां, पिंपळापाशी उभा राहा.’ तिकडून पोरगा म्हणाला, ‘मामा, पिंपळ गेल्या वर्षी तोडला. रस्ता रुंद झाला.’ मामांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

चिठ्ठी आली, पंधरा मिनिटं. बरं.

तर ऑल माइट निवृत्त होतो तो प्रसंग. कामिनो नावाची शहरातली वस्ती जमीनदोस्त झालीय, वर हेलिकॉप्टरमधून थेट प्रक्षेपण चाललंय. समोर जुना वैरी, त्याचं नाव ऑल फॉर वन. मारामारीत ऑल माइटचं सोंग उतरतं आणि साऱ्या देशाला टीव्हीवर तो सापळा दिसतो. ढिगाऱ्याखालची एक बाई तरीही म्हणते, जिंका. तो उरलीसुरली ताकद एका ठोशात घालतो, जिंकतो, आणि सकाळी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘त्सुगी वा किमी दा.’ चार शब्द. इंग्रजीत त्याचं बरंच काय काय झालंय, पण मराठीत ते नेमकं बसतं: ‘आता नंबर तुझा.’ लपून बसलेल्या गुंडांना दम दिला असं समजून रस्त्यावरचे लोक आरोळ्या ठोकतात. त्या गर्दीत मिदोरिया मोठ्या पडद्याकडे बघत रडतोय, कारण त्याला कळलंय की हे त्याला उद्देशून आहे. माझं संपलं, आता तू. धमकी आणि निरोप एकाच वाक्यात. मी हा भाग तीनदा बघितला. तिसऱ्यांदा मला पिंपळ आठवला.

माझं म्हणणं इतकंच आहे, आणि भाचा यावरून माझ्याशी भांडतो. ऑल माइटचा सगळ्यात टिकाऊ प्रभाव म्हणजे त्याने पाडलेलं भगदाड. ‘मी आलोय’ हे वाक्य लोकांनी इतकी वर्षं ऐकलं की आपण जायचं असतं हेच ते विसरले. पुढे देश कोसळतो तेव्हा कामिनोतल्या त्याच्या पुतळ्याच्या गळ्यात कुणीतरी पाटी अडकवतं: ‘मी आलेलो नाही.’ त्या पुतळ्यासमोर तो हाडकुळा निवृत्त माणूस स्वतः उभा असतो. अशा वेळी शालीचं काय करायचं सांगा.

आता निमंत्रणात कबूल केलेलं पटापट सांगतो. खरं तर व्याख्यान हेच होतं.

एक, ग्रॅन टोरिनो. ऑल माइटचा मास्तर, बुटका म्हातारा, पांढरी दाढी. याचं नाव काढलं तरी पहिल्या क्रमांकाच्या महानायकाचे पाय लटपटतात. मिदोरिया शिकायला जातो तेव्हा म्हातारा सॉसेज आणि केचपच्या थारोळ्यात पालथा पडलेला असतो, पोराला वाटतं खून झाला. त्याला तैयाकी आवडते. तैयाकी म्हणजे माशाच्या आकाराची, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण, आपल्या पुरणपोळीची मावसबहीण. ती मायक्रोवेव्हमध्ये मोठ्या ताटलीत ठेवली, ताटली फिरली नाही, एक बाजू गरम आणि बाकी बर्फ. त्यावरून पोराच्या डोक्यात प्रकाश पडतो की आपण सगळी शक्ती एका हातात ओततो, म्हणून हाडं मोडतात. पाच टक्केच वापरायची, पण सगळ्या अंगात. म्हाताऱ्याने पाठ दिला नाही, शेजारी बसून खाल्लं आणि पोराला चुकू दिलं. मामांना हे जमलं असतं तर, जाऊ दे.

दोन, नाना शिमुरा. सातवी धनी, ऑल माइटची गुरू. पहिल्या रांगेतले नाना, हसू नका, ही बाई आहे. वैऱ्यापासून वाचवायला तिने पोटचा मुलगा दुसऱ्यांकडे वाढायला दिला. तो आईचा आणि महानायकांचा द्वेष करत मोठा झाला, आणि त्याच्या घरात जन्मलेला नातू म्हणजे शिगाराकी, मालिकेतला एक मोठा खलनायक. बाई कधीच वारली, पण तिचं नाव दोन्ही बाजूंनी लढतंय.

तीन, एन्डेव्हर. कायम दुसरा. पहिला झाला तो वरचा गेला म्हणून, आणि हे त्याला स्वतःला माहीत. तो ऑल माइटला जाऊन विचारतो, शांततेचं प्रतीक म्हणजे नेमकं काय? उत्तर मिळतं की तू माझ्यासारखा होऊ नकोस, तुझी वाट काढ. फुकुओकातल्या लढाईनंतर रक्तबंबाळ चेहऱ्याने तो मूठ वर करतो, कामिनोत ऑल माइटने केली होती तशी, तेव्हा मला ते सोडवत नाही. घरातलं त्याचं वागणं मात्र माफ करण्यासारखं नाही. त्यावर वेगळं व्याख्यान लागेल, ग्रंथपालांनी तारीख द्यावी.

शेवट सांगतो, ज्यांना बघायचंय त्यांनी कान झाका. मिदोरियाचीही शक्ती संपते आणि तो महानायक घडवणाऱ्या आपल्याच शाळेत मास्तर होतो. म्हणजे नायकही ऐन तारुण्यात निवृत्त. आठ वर्षांनी ऑल माइट त्याच्यासाठी यांत्रिक चिलखत घेऊन येतो, वर्गमित्रांनी पैसे घातलेलं. भाच्याला हे पटलं नाही. मला पटलं, कारण पहिल्यांदाच एका माणसाच्या कामाला वर्गणी निघाली.

घंटा वाजली, पण हे राहू नये. शिगाराकी लहान असताना, घरचे सगळे गेल्यावर, रक्ताने माखलेला रस्त्यावर फिरत होता. भर दिवसा, गजबजलेल्या शहरात. लोक बघायचे आणि पुढे जायचे, कुणीतरी महानायक येईलच म्हणून. त्यांतली एक बाई थांबली, पण त्याचा चेहरा बघून तीही गेली. मांगाच्या अगदी शेवटी तीच बाई दिसते. पुन्हा तसाच एक पोरगा रस्त्याच्या कडेला. जवळपास महानायक कुणी नाही. ती जाते आणि त्याचा हात धरते. साधी, रस्त्याने निघालेली बाई.

चहा झालाय म्हणतात. मागच्या रांगेतले दोघे, जरा थांबा, तुमच्या पाण्याचं आता कोण बघतं ते मला विचारायचंय.