टाकीतल्या मासोळ्या एकाएकी का मरतात?

श्रोतेहो, नमस्कार.

घरच्या काचेच्या टाकीतले मासे एका रात्रीत मेले की घरात दोनच गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे पाणी खराब असेल, आणि दुसरी म्हणजे कोणाची तरी नजर लागली. मग टाकी रिकामी होते, घासूनपुसून उन्हात ठेवली जाते, नवीन मासे येतात आणि महिनाभरात तेही जातात. कारण शोधायचं राहूनच जातं.

कारण शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. तीन प्रश्न पुरतात. कधी मेले? कसे मेले? आणि मरायच्या आधी टाकीत काय गेलं? पुन्हा सांगते: कधी, कसे, आणि आधी टाकीत काय गेलं. यातला तिसरा प्रश्न कोणी विचारतच नाही, म्हणून त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

यवतमाळ जिल्ह्यात वणीकडे माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, राहतो. कपाशी आणि तूर घेतो. त्याची मुलगी सातवीत. तिच्या टाकीची सुरुवात आरोग्य उपकेंद्रातून मिळालेल्या गप्पींपासून झाली. डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरीत, टाक्यांत सोडतात ना, त्याच गप्पी. मग दादानं तिला दोन फुटी टाकी आणून दिली. त्यात काळ्या मॉली आल्या, दोन गोरामी आल्या आणि झाडांबरोबर एक गोगलगाय आपोआप आली. दादाला त्या मासोळ्यांचं पोरीपेक्षा जास्त वेड. संध्याकाळी वावरातून आला की चहाच्या आधी टाकीत हात घालून उभा राहायचा. मॉली त्याच्या बोटांना टोचायच्या. त्यात त्याचा दिवसाचा शीण जायचा.

एका वर्षी मी पोळ्याला गेले, तेव्हा वहिनीनं आधी ही तक्रारच सांगितली. पावसाळा लागल्यापासून टाकी दोनदा ओस पडली होती. तिनं पाणी उकळून गार करून घातलं, खाद्य बदललं, तळाचे रंगीत दगड काढून फेकले. मासे मरायचे राहिले नाहीत.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरगी धाकट्या भावाचा लाकडी बैल घेऊन गावात फिरून आली. दादा मात्र सकाळपासून वावरात होता, कारण पोळ्याच्या अमावस्येनंतर कपाशीवर बोंडअळीसाठी फवारणीची घाई असते. दिवेलागणीला तो आला, न्हाणीत हात धुतले, आणि नेहमीसारखा टाकीपाशी उभा राहिला. आमची जेवणं व्हायच्या आत पोरीनं हाक मारली, "आत्या, लवकर ये वं, गोरामी कशी तरी करू राहिली!"

मी पाहिलं. गोरामी अंग वाकडं करून गिरक्या घेत होती. मध्येच तीरासारखी सुटायची, काचेवर आपटायची आणि कुशीवर पडायची. मॉली थरथरत तळाशी गेल्या होत्या. आणि गोगलगाय? ती काचेवरून आरामात वर चढत होती.

श्रोतेहो, ही टाकीच सगळं सांगत होती. गोरामीला गिलांखेरीज, म्हणजे कल्ल्यांखेरीज, डोक्यात आणखी एक श्वसनेंद्रिय असतं. ती पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेते. आपल्याकडच्या मरळ आणि मागूरही हवा घेतात, म्हणूनच बाजारात ओंजळभर पाण्यात त्या जिवंत दिसतात. पाण्यातला ऑक्सिजन संपला असता तर मॉली आधी गेल्या असत्या, गोरामी शेवटी. इथं गोरामीच पहिली. म्हणजे गुदमरणं नव्हे. तांब्याचं विष असतं तर गोगलगाय सगळ्यात आधी मेली असती. म्हणजे तेही नव्हे. गिरक्या घेणं, थरथरणं ही मज्जासंस्थेवर घाव घालणाऱ्या विषाची खूण.

त्या खोलीत भिंतीवर एक कॅलेंडर होतं. दुधाचा हिशेब वहिनीचा, फवारणीच्या तारखा दादाच्या, आणि मासा मेला की त्या चौकोनात पोरगी पेन्सिलीनं एक मासोळी काढायची. मी पानं मागे उलटत गेले. आषाढातल्या पानावर दादाच्या अक्षरात "फवारणी", त्याच चौकोनात दोन मासोळ्या. श्रावणात "फवारणी", शेजारच्या चौकोनात चार. जिथं फवारणी नाही तिथं मासोळीही नाही. मी काही न बोलता पोरीला ते दाखवलं. तिनं बापाकडे पाहिलं.

दादा म्हणाला, "बाई, मी तं साबन लावून हात धुतो."

हात धुतले होते. बाही नव्हती धुतली. अंगात तोच लांब बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत फवाऱ्यानं भिजलेला, आणि टाकीत हात कोपरापर्यंत.

त्या दिवशी त्यानं प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन या दोन कीटकनाशकांचं मिश्रण मारलं होतं. दोन्ही माशांना अतिशय घातक. सायपरमेथ्रीन तर लिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतं, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण पंचावन्न लिटर पाणी मावतं. त्याला ओल्या बाहीतून पिळून निघालेलं पाणी पुरून उरतं. सायपरमेथ्रीन माणसाच्या शरीरात बऱ्यापैकी लवकर मोडतं, माशाच्या शरीरात मात्र फार हळू.

"म्हंजे माह्याच हातानं गेल्या का वं त्या?" दादानं विचारलं. मी हो म्हटलं. पण खरं सांगते, मला त्या वेळी मासोळ्यांपेक्षा त्या बाहीची काळजी जास्त वाटली. ते कापड दिवसभर त्याच्या कातडीला चिकटून होतं. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा रंगाचा चौकोन असतो ना, तो सस्तन प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून ठरतो. हिरवा रंग दिसला म्हणून ते माशांना चालतं असं मुळीच नाही. आणि फवारून आल्यावर अंघोळ आणि कपडे बदलणं आधी, चहा नंतर. हे माशांच्या कार्यक्रमात सांगायचं नाही का? मला वाटतं इथंच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही टाकी पूर्ण उपसली. काच, स्पंज धुतले, फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पुरचुंडी ठेवली, कारण असा कोळसा कीटकनाशकं शोषून घेतो. फवारणीच्या दिवशी टाकीला हात नाही, असं ठरलं. त्यानंतर आणलेल्या मॉलींना दिवाळीत पिल्लंही झाली.

आता बाकीची कारणं, भराभरा. तेच तीन प्रश्न धरून चला.

पहाटे मेले, आणि त्याआधी वर येऊन तोंडं उघडत होते? ऑक्सिजन कमी पडला. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि आपल्या मे महिन्यात घरातलं पाणीही तापतं. त्यात रात्री वीज गेली की हवेचा पंप बंद. टाकी खिडकीपासून लांब ठेवा, मासे मोजके ठेवा.

पाणी बदलल्यावर काही वेळातच मेले? क्लोरीन. पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर जास्त पडते, आणि ती गिलं जाळते. पाणी उघड्या भांड्यात एक दिवस-रात्र ठेवा, मग वापरा. आणि भर दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं गरम पाणी थेट ओतू नका.

नवीन टाकी, पहिल्या काही आठवड्यांत एकामागून एक मेले? अमोनिया. माशांच्या विष्ठेतून तो तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी दोन-तीनच मासे सोडा. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. पुन्हा सांगते, स्पंज नळाखाली नाही.

ते गोल काचेचं भांडं, दिवाणखान्यात शोभेला ठेवतात ते, माझ्या मते विकायलाच नको. वरचं तोंड अरुंद, फिल्टर बसत नाही, पाणी बोटभर. आणि त्यात गोल्डफिश, जो वाढला की वीतभर होतो. मुलाला मासे द्यायचे असतील तर चौकोनी टाकी द्या आणि सोबत एक वही द्या. काय घातलं, कधी घातलं, ते त्यानं लिहावं.

अजून एक. खोलीत डासांचा फवारा मारता, अगरबत्ती जाळता, लिक्विड लावता, त्यातली औषधंही बहुधा सायपरमेथ्रीनच्याच कुळातली असतात. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. म्हणून पंप आणि डासांचं औषध एका खोलीत नको, किंवा निदान तेवढा वेळ टाकी झाका आणि पंप बंद ठेवा. पण तो परत सुरू करायला विसरू नका.

आणि सकाळी मासे मेलेले दिसलेच, तर सगळं पाणी लगेच फेकू नका. आधी एका स्वच्छ बाटलीत थोडं पाणी भरून ठेवा. मेलेले मासे काढा. हवा सुरू करा. उघड्या भांड्यात दिवस-रात्र साठवलेल्या ताज्या पाण्यानं एक चतुर्थांश पाणी बदला, आणि कारण कळेपर्यंत दुकानातलं कुठलंही औषध टाकू नका. विष गेल्याची शंका आली तर मात्र उरलेले मासे ताबडतोब साठवलेल्या पाण्यात हलवा. टाकीसाठी बादली वेगळी ठेवा. साबणाची नाही, फवारणीची तर नाहीच. तिच्यावर रंगानं मासोळी काढून ठेवा, म्हणजे घरातल्या कोणाचाही घोळ होणार नाही.

नमस्कार.