खांडस ते भीमाशंकर: मावशीची वाट

जूनचा पहिला आठवडा. कर्जत तालुक्यातलं खांडस. समोर पदरगड, त्याच्यामागे ढगात अर्धा बुडालेला भीमाशंकरचा कडा. घाई असलेले शिडी घाटाने केव्हाच वर गेले. आपली मंडळी गणेश घाटाच्या लांबच्या वाटेने निघालीत, तीही रमतगमत. कारण पुढे चालणारी ठाकरवाडीतली मावशी दर दहा पावलांवर थांबते.

बांधाच्या कडेला शेवळं ही रानभाजी वर आलीय. जांभळट तपकिरी कोंब, पान एकही नाही. मावशी एक उपटते, वरचं आवरण सोलते आणि आतल्या दांड्यावरचा पिवळा, रवाळ भाग नखाने खरवडून टाकते.
"हा राहिला ना, की घसा धरलाच म्हणून समजा."
शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून भाजीत काकडाच्या आंबट फळांचा रस हवाच. ठाणे-कल्याणच्या बाजारात शेवळाच्या जुडीशेजारी काकडांचा वाटा असतो तो याचसाठी. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत या भाजीत कोळंबी पडते. तो बेत जमवायचा असेल, तर आधी काकडं मागून घ्या!

आता चढ लागतो. वाटेवर पांढऱ्या फुलांचा कुडा. याची साल हगवणीवर देतात, पण रानात याचा एक सोबती आहे, काळा कुडा. साल विकत घेताना फसगत होते ती इथेच. मावशी गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा दाखवते. जोडीतल्या दोन्ही शेंगा सुट्या, तर पांढरा कुडा. टोकं एकमेकींना चिकटलेली, तर काळा. सालीचा कण जिभेवर ठेवलेल्या मुलाचा चेहरा बघा. एवढी कडू, म्हणजे पांढराच.

मधल्या टप्प्यात दोन्ही बाजूंना कारवी. सात-आठ वर्षांनी अख्खा उतार एकदम फुलतो, बी धरतो आणि वाळून जातो. तिच्या सरळ काठ्या उभ्या बांधायच्या, वर शेणमातीचा लेप द्यायचा, की झाला घराचा कूड. मावशीचं माहेर असल्याच भिंतींचं. आता तिथे विटा आल्यात. उन्हाळ्यात कुडाचं घर जास्त गार होतं, असं ती म्हणते, पण दर एक-दोन वर्षांनी लिंपत बसायला तिला पुन्हा सांगू नका.

अभयारण्याची हद्द लागली, की मावशी हातातली काठी खाली ठेवते. इथून पुढे फक्त बघायचं, तोडायचं नाही.

माथ्यावर पुणे जिल्हा सुरू होतो आणि हिरडा भेटतो. इकडच्या महादेव कोळी घरांत भातानंतरचा रोख पैसा म्हणजे बाळहिरडा. आत आठी, म्हणजे कठीण बी, धरायच्या आधीच कोवळी फळं झाडायची आणि उन्हात वाळवायची, काळी कुळकुळीत होईपर्यंत. मग व्यापारी किलोवर घेतो. पिकलेल्या फळाची गिऱ्हाइकं वेगळी: कातडी कमावणारे, कापड रंगवणारे, त्रिफळा चूर्ण करणारे. भाव मात्र व्यापारी सांगेल तो. झाडावर चढून जीव धोक्यात घालणाऱ्याला त्यात फारसं बोलता येत नाही, हे खटकतं.

एका घराच्या अंगणात वाळवण पसरलंय. घरमालकीण मूठभर हिरडे पुढे करते. मंडळी एकेक तुकडा तोंडात टाकतात. आधी तुरट, मग पाणी प्यायलं की गोडसर.
"रोज खाल्ला तर चालेल का, मावशी?"
"वैद्याला विचार. पोटुशी बाईला तर आम्ही देतच नाही."