तेरा लाखांचा आकडा

दक्षिण अमेरिकेतल्या पाराग्वे देशात, पाराग्वे नदीच्या काठी उमायता येथे उभ्या असलेल्या या चर्चची पडझड काळाने केलेली नाही. ब्राझीलच्या आरमाराने केलेल्या तोफांच्या माऱ्यात ते १८६८ साली उद्ध्वस्त झाले. ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्याशी पाराग्वेने १८६४ ते १८७० या काळात केलेल्या युद्धाविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते : पाराग्वेची लोकसंख्या तेरा लाखांवरून सव्वादोन लाखांच्या खाली आली.

आता दिसत असलेले पान १९११ सालच्या ब्रिटानिका विश्वकोशातले आहे. युद्धापूर्वी १३,३७,४३९, युद्धानंतर २,२१,०७९, त्यांपैकी पुरुष २८,७४६, स्त्रिया १,०६,२५४ आणि मुले ८६,०७९. आकडा एककापर्यंत दिला की वाचणारा सहसा शंका घेत नाही; पण पुरुष आणि स्त्रिया यांची बेरीज करून पाहिली, तर ती नेमकी १,३५,००० भरते. घरोघर फिरून केलेल्या मोजणीत अशी गोल बेरीज क्वचितच येते, त्यामुळे एकूण संख्या आधी ठरवून तिची नंतर वाटणी केली असावी, असा संशय बळावतो. पहिला आकडा तर याहून डळमळीत आहे. तो १८५७ च्या गणनेच्या नावावर सांगितला जातो. मात्र १८४६ साली धर्मगुरूंकरवी झालेल्या मोजणीत सुमारे २ लाख ३९ हजार माणसे नोंदली गेली होती, आणि अकरा वर्षांत साडेपाच पटींनी वाढणारा देश अजून तरी कोणी पाहिलेला नाही.

इतिहासकार व्हेरा ब्लिन रेबर यांनी १९८८ मध्ये दुसरे टोक गाठले आणि हानी ९ ते १८ टक्क्यांच्या आसपास असल्याचे मांडले. त्यानंतर पाराग्वेची राजधानी असुन्सियोनमध्ये, संरक्षण मंत्रालयाच्या दप्तरात, युद्ध संपताच झालेल्या गणनेचे हाताने लिहिलेले गाववार कागद हाती लागले. थॉमस व्हिगम आणि बार्बरा पोटहास्ट यांनी १९९९ साली ते प्रसिद्ध केले. एकूण नोंद १,१६,३५१ माणसांची होती. मोजणीतून सुटलेली गावे आणि माणसे धरून त्यांनी ही संख्या १ लाख ४१ हजार ते १ लाख ६६ हजार मानली, युद्धापूर्वीची लोकसंख्या १८४६ च्या मोजणीवरून सव्वाचार ते साडेचार लाखांच्या घरात धरली, आणि ६० ते ६९ टक्के लोक नाहीसे झाल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे विश्वकोशातल्या आकड्याने युद्धाआधीची माणसे फुगवली होती आणि नंतरचीही. अकरा लाख माणसे मेली नाहीत, कारण तेवढी तिथे नव्हतीच.

वाचलेल्यांत पुरुष थोडेच होते, त्यामुळे पुढे कित्येक वर्षे शेती, बाजार आणि घर बायकांनीच ओढले.

युद्धापूर्वीच्या संख्येवर अभ्यासकांचे आजही एकमत नाही, आणि हा वाद फिरून फिरून १८४६ च्या त्या मोजणीवर येतो : धर्मगुरूंच्या नोंदींतून किती घरे सुटली असतील?