खिरापत आणि दोन वाक्यं

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय 'इराक युद्धाने दहशतवाद वाढला का?' असा छापलाय आणि खाली 'एक सांख्यिकीय विचार' असंही आहे. मागच्या दोन रांगा रिकाम्या दिसतात त्या बहुधा त्यामुळेच. घाबरू नका, फळा आणलेला नाही. तेहतीस वर्षं बी.कॉम.ला स्टॅटिस्टिक्स शिकवलं, म्हणजे न ऐकणाऱ्यांसमोर बोलायची मला सवय आहे. (हशा)

सुरुवात एडिसनपासून करतो. न्यू जर्सीतलं एडिसन. तुमच्यापैकी निम्म्यांची मुलं तिथे किंवा आसपास आहेत, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. २००६ च्या नवरात्रात आम्ही दोघं मुलाकडे होतो. ३० सप्टेंबर, शनिवार. सूनबाईंनी भोंडला ठेवला होता. बेसमेंटमध्ये पाटावर हत्ती, म्हणजे प्रिंटरवर काढलेला हत्ती, आणि त्याच्याभोवती पंधरा-वीस जणी फेर धरून. वर हॉलमध्ये आम्ही पुरुष मंडळी. त्यात मुलाचे दोन मित्र होते, एक मूळचा साताऱ्याचा, एक नागपूरचा. नावं सांगत नाही, कारण हे भाषण यूट्यूबवर जाणार आहे आणि मला पुन्हा तिकडे जायचंय. सातारकर कट्टर डेमोक्रॅट, नागपूरकर तितकाच कट्टर रिपब्लिकन.

त्या आठवड्यात तिथे एकच विषय होता. अमेरिकेच्या सोळा गुप्तचर यंत्रणांनी मिळून एप्रिलमध्ये दहशतवादाविषयी एक गोपनीय अंदाज तयार केला होता. तो सप्टेंबरच्या चोवीस तारखेला वर्तमानपत्रांत फुटला. बातमीचा सूर असा, की इराक युद्धामुळे धोका वाढला असं खुद्द सरकारचेच हेर म्हणतायत. नोव्हेंबरात निवडणुका. मग काय, डेमोक्रॅट तुटून पडले. दोन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बुशसाहेबांनी (ते रिपब्लिकन) त्यातली मोजकी पानं खुली केली आणि म्हणाले, आम्ही चाल करून गेल्यामुळे देश कमी सुरक्षित झाला असं मानणं भाबडेपणा आहे.

आमच्या सातारकराने त्या पानांचा प्रिंटआउट आणला होता. पिवळ्या हायलायटरने रंगवलेला. सोफ्यावरून उठून त्याने वाचलं: इराकचा संघर्ष जिहादींसाठी 'कॉज सेलेब्र' झाला आहे. म्हणजे ज्याच्या नावाने लोक गोळा व्हावेत असं निमित्त. मुस्लिम जगातल्या अमेरिकेच्या हस्तक्षेपाविषयी खोल राग निर्माण होतोय, समर्थक तयार होतायत. वाचून त्याने कागद टीपॉयवर असा आपटला, की चिवड्याची वाटी उडाली. नागपूरकर शांत. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. तीच पानं! हायलायटर हिरवा. तो म्हणाला, "काका, याला पुढचं वाक्य वाचायला सांगा ना." पुढचं वाक्य असं, की इराक सोडून जाणाऱ्या जिहादींना आपण हरलो असं वाटलं आणि जगालाही तसं दिसलं, तर लढा पुढे चालवायची प्रेरणा कमी जणांना मिळेल. थोडक्यात, युद्ध जिंका. आणि वर त्याचा हुकमाचा पत्ता: "अकरा सप्टेंबरला आपण इराकमध्ये होतो का?" हाही बुशसाहेबांचाच मुद्दा.

म्हणजे बघा, लागून असलेली दोन वाक्यं, मध्ये फक्त एक पूर्णविराम. एक पक्ष पूर्णविरामाच्या अलीकडे थांबला, दुसरा पलीकडून सुरू झाला. मी दोघांना म्हटलं, अरे, तुमचं भांडण युद्धाबद्दल नाहीच आहे, विरामचिन्हाबद्दल आहे. कोणी हसलं नाही. तुम्ही निदान हसलात.

इतक्यात खालून आवाज आला, "खिरापत ओळखा!" आम्ही जिन्यावरून डोकावलो. झाकलेला डबा, एकजण तो कानाशी हलवतेय, बाकीच्या ओरडतायत: चकली, शेव, शेंगदाणे. माझ्या डोक्यात आलं, वर तरी काय चाललंय? अख्खा अहवाल झाकलेलाच आहे, दोन वाक्यांचा खुळखुळ ऐकून दोन्ही पक्ष जिन्नस सांगतायत. फरक इतकाच, की भोंडल्यात शेवटी झाकण काढतात.

अध्यक्षांची पहिली चिठ्ठी आली. "मूळ विषय." हो, हा मूळ विषयच आहे, सर.

'वाढला' असं म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, मोजलं कोणी? एक प्रसंग सांगतो. मी ज्या कॉलेजात होतो तिथे एका वर्षी ९२ टक्के निकाल लागला. मोठा बोर्ड लावला, पेढे वाटले. खरी गोष्ट अशी, की जी पोरं नापास होतील असं वाटलं त्यांना परीक्षेचा फॉर्मच भरू दिला नव्हता. मी स्टाफरूममध्ये ते बोललो, तर पुढच्या टर्मला मला सकाळी सातची लेक्चरं लागली. असो. ती जखम जुनी आहे.

आता अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा बोर्ड बघा. जागतिक दहशतवादावर त्यांचा वार्षिक अहवाल निघायचा. एप्रिल २००४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की २००३ साली १९० हल्ले झाले, मृत ३०७, आणि १९६९ पासूनचा हा सर्वांत कमी आकडा. आपण जिंकतोय याचा हा स्पष्ट पुरावा, असं उपपरराष्ट्रमंत्री आर्मिटेज म्हणाले. अॅलन क्रूगर आणि डेव्हिड लेटिन या दोन प्राध्यापकांनी (माझ्या जातीचे लोक!) बसून तपासलं, तर गणित जुळेना. जूनमध्ये दुरुस्ती आली: हल्ले २०८, मृत ६२५. दुपटीहून जास्त. चुका बऱ्याच होत्या, पण माझी लाडकी ही, की यादी ११ नोव्हेंबरलाच संपली होती. इस्तंबूलमध्ये सिनेगॉग, ब्रिटिश वकिलात, बँक उडाली ती त्याच महिन्याच्या १५ आणि २० तारखेला. ती मोजलीच नाहीत. आमच्या कॉलेजने निदान वर्ष पूर्ण बारा महिन्यांचं धरलं होतं!

पुढच्या वर्षी २००४ चे आकडे आले. नुसते मोठे हल्लेच सुमारे ६५०, आदल्या वर्षी तसे मोठे साधारण १७५. मग परराष्ट्र खात्याने ठरवलं, अहवालात आकडेच नकोत. डेमोक्रॅट म्हणाले, लपवताय. सरकार म्हणालं, मोजायची पद्धत बदलली. आणि त्या साडेसहाशेतले जवळपास निम्मे कुठले, सांगा? काश्मीरचे. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये एक बाजू एकूण आकडा फेकून म्हणते, बघा इराकमुळे काय झालं, आणि दुसरी म्हणते, छे, ते तर काश्मीर. आपली माणसं त्यांच्या वजाबाकीत गेली. याचा मला आजही राग येतो.

व्याख्येची गंमत आणखी पुढची. 'आंतरराष्ट्रीय' हल्ला म्हणजे ज्यात एकाहून अधिक देशांचे नागरिक गुंतलेत असा. ऑगस्ट २००४ मध्ये रशियात एकाच रात्री दोन विमानं बॉम्बने पाडली. एकात परदेशी प्रवासी होता, ते यादीत. दुसऱ्यात सगळे रशियन, ते बाहेर. व्याख्या रुंद करून पुन्हा मोजलं, तेव्हा त्याच २००४ चे हल्ले ३,१९२ झाले. जग तेच, वर्ष तेच.

दुसरी चिठ्ठी. "पाच मिनिटे." यात 'मिनिटे' अधोरेखित आहे.

बरं, मग युद्धाने दहशतवाद वाढला का? माझं उत्तर 'हो', पण कुठे आणि कशाच्या तुलनेत हे सांगून. पहिलं, खुद्द इराकमध्ये: यावर वाद घालायला जागाच नाही. मे २००३ मध्ये तिथला कारभार पाहणाऱ्या अमेरिकेच्या ब्रेमरसाहेबांनी इराकी सैन्य बरखास्त केलं, लाखो शिकवलेली माणसं बेकार केली. इराकमधल्या जिहादींचा म्होरक्या झरकावी, त्याला दुकान थाटायला मोक्याची जागा मिळाली. दुसरं, युरोपात: ब्रिटनच्या गुप्तचर समितीने फेब्रुवारी २००३ मध्येच, म्हणजे युद्धाआधी, सांगितलं होतं की इराकवर कारवाई झाली तर धोका वाढेल. पुढे ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेच्या युद्धाच्या वेळच्या प्रमुख मॅनिंगहॅम-बुलर यांनी २०१० मध्ये इराक युद्धाच्या चौकशी समितीपुढे सांगितलं, की इराकमुळे एका पिढीतले काही तरुण कडवे झाले. तिसरं, खुद्द अमेरिकेत: तिथे अकरा सप्टेंबरसारखं पुन्हा घडलं नाही, आणि नागपूरकराच्या बाजूचा हा मुद्दा मी खोडत नाही. पण ते घडलं नाही ते इराकमुळे, की विमानतळावर बूट काढायला लावल्यामुळे, हे त्याने सिद्ध करायचंय. युद्ध न झालेलं २००६ साल कुठल्याच तक्त्यात सापडत नाही, म्हणून दोघांनाही छातीठोक बोलता येतं.

चौथा मुद्दा अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या ऑक्टोबर २००३ च्या टिपणाचा होता. आपण रोज जितके दहशतवादी मारतो-पकडतो, त्याहून जास्त रोज भरती होतायत का, असं त्यांनी आपल्याच माणसांना विचारलं होतं, आणि हे मोजायला आपल्याकडे माप नाही अशी कबुलीही दिली होती. यावर माझी चार पानं आहेत, ती घरी नेतो.

एवढंच सांगतो. मे २०१४ मध्ये इथून पुढच्याच स्टेशनातली, कल्याणची, चार पोरं यात्रेकरूंबरोबर बगदादला गेली आणि आयसिसला जाऊन मिळाली. सातारकराचा फोन आला: "काका, म्हटलं नव्हतं? २००३ ला ही घाण केली." तासाभराने नागपूरकराचा: "काका, २०११ ला ओबामाने सैन्य काढलं नसतं, तर?" दोघांनाही माझ्याकडून 'बरोबर आहे' एवढंच हवं होतं. मी दोघांनाही विचारलं, त्या दिवशीची खिरापत काय होती, आठवतं का? एकालाही आठवेना. मलाही आठवत नाही. बायको म्हणते ढोकळा, आणि ती पुढच्या रांगेत बसलीय, त्यामुळे ढोकळाच.

तिसरी चिठ्ठी यायच्या आत बसतो.