उद्याची उचल

मंडळी, फुटबॉलच्या वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस कुठला असं विचारलं, तर तुम्ही अंतिम सामन्याचा दिवस सांगाल. मी क्लबांचे ताळेबंद वाचतो, त्यामुळे माझं उत्तर ३० जून. युरोपातल्या बहुतेक मोठ्या क्लबांचं आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं. मैदान रिकामं असतं, खेळाडू सुट्टीवर असतात आणि हिशेबाच्या खोलीत मात्र रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात.

२०२० साली २९ जूनला, म्हणजे वर्ष संपायच्या आदल्या दिवशी, स्पेनचा बार्सिलोना आणि इटलीचा युव्हेंटस ह्या क्लबांनी एक व्यवहार जाहीर केला. बार्सिलोनाने आर्थर हा मधल्या फळीतला खेळाडू ७.२ कोटी युरोंना युव्हेंटसला दिला आणि त्यांच्याकडून मिरालेम प्यानिच हा मधल्याच फळीतला खेळाडू ६ कोटींना घेतला. आर्थर २३ वर्षांचा, प्यानिच ३० वर्षांचा. वजावट केली तर फरक उरतो १.२ कोटींचा. तरीही दोन्ही क्लबांच्या वहीत त्या वर्षी कोट्यवधी युरोंचा नफा उमटला. दोघांनी एकमेकांशीच व्यवहार केला आणि दोघंही फायद्यात, हे कसं घडलं, ते आज आधी समजून घेऊ. कारण ही एक गोष्ट कळली की क्लबचा सगळा संसार कळायला लागतो.

क्लब खेळाडू विकत घेतो म्हणजे त्याची नोंदणी विकत घेतो. हिशेबाच्या भाषेत ती मालमत्ता. यंत्रावर जसा घसारा लावतात, तसा ह्या नोंदणीवरही लावतात आणि तो कराराच्या वर्षांत वाटून टाकतात. समजा, १० कोटींना खेळाडू घेतला आणि करार पाच वर्षांचा आहे. वहीत दरवर्षी खर्च पडतो २ कोटींचा. तीन वर्षं झाली, ६ कोटी खर्ची पडले, वहीत त्याची किंमत उरली ४ कोटी. आता त्याला ७ कोटींना विकला. नफा किती? ३ कोटी, आणि तो सगळाच्या सगळा त्याच दिवशी जमा.

जरा थांबून बघा. १० ला घेतलं, ७ ला विकलं आणि वहीत नफा ३. ही लबाडी नाही, बरं का. तीन वर्षं तो माणूस क्लबसाठी खेळला, त्याचं मोल आधीच खर्चात पडलेलं आहे. नियम बरोबर आहे. पण खरेदीचा भार हप्त्याहप्त्याने लागतो आणि विक्रीचा नफा एका दिवसात मिळतो, ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कुठल्याही अडचणीतल्या क्लबला काय सुचेल? ३० जूनच्या आत कुणाला तरी विका आणि त्याच्या जागी येणाऱ्याचा भार पुढच्या वर्षांवर टाका. आर्थर आणि प्यानिचच्या अदलाबदलीत नेमकं हेच झालं. आजचा नफा दोघांनी घेतला, उद्याचा घसाराही दोघांनी घेतला. ह्याला माझ्याकडे एकच शब्द आहे: उचल. पुढच्या पगारातून आज घेतलेली रक्कम.

पुढे खेळाडूंच्या विक्रीतून नफा फुगवून दाखवल्याच्या प्रकरणात इटलीच्या फुटबॉल न्यायाधिकरणाने २०२२-२३ च्या हंगामात युव्हेंटसचे १० गुण कापले. लंडनच्या चेल्सी क्लबने २०२३ च्या जानेवारीत मिखाइलो मुद्रिक ह्या खेळाडूला साडेआठ वर्षांचा करार दिला, म्हणजे वर्षागणिक पडणारा खर्च तितका बारीक झाला. त्याच वर्षी युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेने, नियम केला की करार कितीही लांब असो, हिशेबात किंमत जास्तीत जास्त पाच वर्षांतच वाटायची.

ह्याच नियमाची आणखी एक बाजू आहे आणि ती मला मनापासून खुपते. क्लबच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला खेळाडू विकत घेतलेला नसतो, म्हणून वहीत त्याची किंमत जवळपास शून्य असते. तो विकला की आलेली रक्कम सगळी नफ्यात. मेसन माउंट सहाव्या वर्षी चेल्सीत आला. २०२१ च्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात विजयी गोलचा पास त्याचाच होता. २०२३ साली तो साडेपाच कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. त्याचा करार संपत आला होता, वाटाघाटी फिसकटल्या होत्या, हे सगळं खरं. तरीही घरचं पोर विकणं हा वहीतला सगळ्यात किफायतशीर सौदा ठरावा, अशी रचना आपण मान्य केली आहे. आपला माणूस म्हणून ज्याच्या नावाने स्टँडमध्ये गाणी म्हटली जातात, त्याच्यावरच हिशेबनिसाची पहिली नजर जाते.

आता उत्पन्नाकडे येऊ. ते तीन वाटांनी येतं: तिकिटं, प्रक्षेपणाचे हक्क, आणि जाहिराती-जर्सी वगैरे. तिकिटाचं उत्पन्न मैदानातल्या खुर्च्यांनी बांधलेलं असतं. जाहिरातीचं उत्पन्न मोजक्या जगप्रसिद्ध क्लबांकडे ओढलं जातं. बाकीच्यांचा जीव असतो तो प्रक्षेपणाच्या पैशात. १९९२ साली इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग ही पहिल्या श्रेणीची स्पर्धा सुरू झाली तेव्हा पाच वर्षांच्या हक्कांचा करार ३०.४ कोटी पौंडांचा होता. आज एकेका हंगामाची रक्कम त्याच्या कितीतरी पट आहे. पण हा पैसा त्या श्रेणीतल्या वीस क्लबांत असेपर्यंतच. हंगामात तळाला राहून खालच्या श्रेणीत घसरलं की तो कोसळतो. खाली आलेल्या क्लबला सावरायला काही वर्षं वेगळं अनुदान देतात, पण खेळाडूंचे करार वरच्या दिवसांत केलेले असतात आणि पगार ठरल्या तारखेला द्यावाच लागतो.

पगार हाच क्लबचा खरा खर्च. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती: आठवड्याला २० पौंड. ती उठली. मग १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमानच्या बाजूने निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. खेळाडूच्या दृष्टीने हा न्यायच होता. माणसाचा करार संपल्यावरही त्याला अडवून धरणं गैर होतं, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यामुळे जो पैसा क्लबाकडून क्लबाकडे जायचा, त्यातला मोठा हिस्सा पगारात आणि मध्यस्थांच्या दलालीत गेला. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत असे कित्येक हंगाम झाले की सगळ्या क्लबांचा मिळून पगारच एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होता. वीज नाही, प्रवास नाही, मैदानाची निगा नाही, नुसता पगार. का? कारण प्रत्येकाला वाटतं, यंदा आपण वर जाणार.

ह्या वाटण्याची किंमत बघायची असेल तर इंग्लंडच्याच लीड्स युनायटेड क्लबकडे बघा. हे प्रकरण मी पुन्हापुन्हा वाचतो.

१९९९-२००० च्या हंगामात लीड्स तिसरे आले. पुढच्या वर्षी तरुण संघ घेऊन ते चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोचले. त्या धुंदीत रिओ फर्डिनांडला १.८ कोटी पौंडांना आणलं. पण २००१ साली लीगमध्ये चौथे आले आणि त्या काळी इंग्लंडमधून तिघांनाच चॅम्पियन्स लीगचं दार उघडं होतं. एका क्रमांकाने हुकलं. शहाणपण म्हणतं, इथे हात आखडा. क्लबने ६ कोटी पौंडांचं कर्ज काढलं, २५ वर्षांत फेडायचं, आणि तारण म्हणून काय ठेवलं? पुढच्या वर्षांत विकली जाणारी तिकिटं. त्या तिकिटांवर जो बसणार होता, तो मुलगा कदाचित अजून जन्मालाही आला नव्हता.

पुढच्या हंगामात पाचवे आले आणि मग विक्री सुरू झाली. फर्डिनांड गेला, रॉबी फाउलर गेला. फाउलरला मँचेस्टर सिटीला विकताना त्याच्या पगाराचा काही भाग लीड्सनेच पुढे भरत राहायचं ठरलं. तो दुसऱ्याच्या जर्सीत गोल करणार आणि पैसे हे देणार. २००४ साली संघ खाली घसरला. त्याच वर्षी एलंड रोड हे स्टेडियम विकावं लागलं. २००७ साली क्लब दिवाळखोरीत नेमल्या जाणाऱ्या प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि तिसऱ्या श्रेणीत उतरला. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० उजाडलं. सोळा वर्षं.

सभासदांच्या मालकीचा क्लब असला की हे टळतं, असं बरेच जण म्हणतात. जर्मनीत निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांकडे ठेवायचा नियम आहे आणि तो मला पटतोही. पण बार्सिलोनाही सभासदांचाच क्लब आहे. २०१७ साली नेमार ह्या खेळाडूला सोडल्याचे २२.२ कोटी युरो त्यांच्या हातात पडले आणि ते डेम्बेले, कुटिन्यो असे महागडे खेळाडू आणण्यात गेले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेस्सी रडत निरोप घेऊन गेला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यक्ष लापोर्ता यांनी आकडे सांगितले: एकूण देणं १३५ कोटी युरो, पगारखर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के. दुसऱ्या वर्षी क्लबने आपल्या स्पॅनिश लीगच्या प्रक्षेपणहक्कांतला २५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी विकला. पहिल्या १० टक्क्यांचे २०.७५ कोटी युरो मिळाले. पुन्हा २५ वर्षं. लीड्सच्या कर्जालाही तेवढीच होती.

क्लब बुडतो तेव्हा कुणाचे पैसे आधी मिळतात, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. इंग्लंडच्याच पोर्ट्समथने २००८ साली एफए कप ही तिथली मानाची बाद फेरीची स्पर्धा जिंकली. दोन वर्षांच्या आत, २०१० च्या फेब्रुवारीत, तो प्रशासकाच्या ताब्यात गेलेला प्रीमियर लीगचा पहिला क्लब ठरला. क्लब ज्यांचं देणं लागत होता, त्यांची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात कर खातं होतं, बडे सावकार होते आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्सही होती, सुमारे २,७०० पौंडांची. म्हणजे सामन्यात कुणी चक्कर येऊन पडलं तर धावून जाणारे स्वयंसेवक. आता नियम असा की खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांची देणी पूर्ण फेडल्याशिवाय लीग तुम्हाला खेळू देत नाही. त्यामुळे फुटबॉलच्या आतल्यांना पौंडाला पूर्ण पौंड, आणि बाहेरच्यांपुढे प्रस्ताव आला पौंडामागे २० पेन्सचा. कर खात्याने ह्या नियमाला न्यायालयात आव्हान दिलं आणि ते हरलं. नियमामागचं कारण मला कळतं. एका क्लबने दुसऱ्याचे पैसे बुडवले तर सगळी साखळी कोसळेल. पण प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभ्या राहणाऱ्यांना त्या साखळीबाहेर ठेवलं गेलं, हे मला कधीच पटलेलं नाही. २०१३ साली पोर्ट्समथच्या चाहत्यांनी प्रत्येकी हजार-हजार पौंड घालून क्लब वाचवला, तेव्हा तो चौथ्या श्रेणीत पोचत होता.

आता ही चिठ्ठी आली आहे: "श्रीमंत मालक मिळाला तर प्रश्न सुटतो ना?" काही काळ सुटतो. रशियन अब्जाधीश अब्रामोविच यांनी २००३ साली चेल्सी घेतला आणि जवळपास दीडशे कोटी पौंड कर्जाऊ घातले. ट्रॉफ्या आल्या. २०२२ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले आणि एका सकाळीत क्लबला नवीन तिकीट किंवा जर्सी विकायची बंदी झाली. चेल्सीला लगेच नवा खरेदीदार मिळाला, कारण तो चेल्सी होता. छोट्या क्लबच्या नशिबी कोण येईल, हे सांगता येत नाही.

बरी हा मँचेस्टरच्या कुशीतला छोटा क्लब. स्थापना १८८५. १९०३ साली त्यांनी एफए कपच्या अंतिम सामन्यात डर्बी काउंटीला ६-० हरवलं आणि तो विक्रम शंभरावर वर्षं कुणाला गाठता आला नाही. तो गाठला मँचेस्टर सिटीने, १८ मे २०१९ ला, वॉटफर्डला ६-० हरवून. त्याच हंगामात बरीही वरच्या श्रेणीत चढला होता, पण खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकलेले होते. आदल्या डिसेंबरात क्लब एक पौंडाला विकला गेला होता. त्याआधीच्या काळात तर स्टेडियमबाहेरच्या गाड्या लावायच्या जागासुद्धा एकेक करून गुंतवणूकदारांना विकून झाल्या होत्या.

नवा हंगाम सुरू झाला आणि पैसे दाखवता न आल्यामुळे बरीचे सामने एकामागून एक रद्द होत गेले. लीगने शेवटची मुदत दिली २७ ऑगस्टच्या संध्याकाळी पाचची. त्या सकाळी गिग लेन स्टेडियमवर शेकडो माणसं जमली. कुणी झाडू आणले होते, कुणी बादल्या, कुणी फडकी. खरेदीदार येणार अशी कुणकुण होती. तो आला तर शनिवारी डॉनकॅस्टरशी सामना होईल, आणि मैदान तयार नाही ह्या कारणावरून अडायला नको, म्हणून त्यांनी एकेक खुर्ची पुसून काढली. खरेदीदार मागे फिरला. १२५ वर्षं लीगमध्ये असलेला क्लब त्या रात्री बाहेर काढला गेला. त्या पुसलेल्या खुर्च्यांवर सामना बघायला बरीचे लोक परत बसले ते २०२३ साली.