फेस : कानांनी शोधायचं शहर

(दृश्य : निळी कमान, आत शिरणारी गर्दी)

बाब बू जलूद. बाहेरून पाहिलं तर ही कमान निळी. आत जाऊन मागे वळलात तर हिरवी. बांधली १९१३ साली, म्हणजे तशी कालचीच. तिच्यामागचं मोरोक्कोतलं हे जुनं फेस मात्र बाराशे वर्षांचं. १९८१ पासून जागतिक वारसा.

(ध्वनी : फरसबंदीवर खुरांचा आवाज)

"बलाक! बलाक!" मागून अशी हाळी आली की अर्थ विचारत बसायचं नाही, भिंतीला चिकटायचं. खेचर येतंय! या गल्ल्यांत मोटार शिरतच नाही. गॅसच्या टाक्या काय, कातड्यांचे गठ्ठे काय, सगळं त्याच्याच पाठीवर.

नकाशा खिशात राहू द्या, इथे कानांनी वाट काढावी. हातोड्यांचा ठणठणाट वाढला की समजावं, सफ्फारीन चौक आला. तांबट उघड्यावर बसून भांडी ठोकतायत आणि अगदी शेजारी करवीयीनचं ग्रंथालय! करवीयीनची मशीद इसवी सन ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईंनी उभारली, असं परंपरा सांगते. विद्या तिच्या आश्रयानं वाढली. या आवाजात लोक वाचत कसे असतील, कोण जाणे.

(दृश्य : गच्चीवरून हौद)

पुढची वाट नाक दाखवतं. शुवारा, कातडी कमावण्याची जागा. जिना चढताना दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतो. ती का, हे गच्चीवर पाऊल टाकताच कळतं.

खाली एकमेकांना खेटून दगडी हौद. पांढऱ्या हौदांत चुन्याचं पाणी. त्यात कातडी भिजली की केस सुटतात. मग कबुतरांच्या विष्ठेचं पाणी. त्यातल्या अमोनियानं कातडं मऊ पडतं, आणि हा वासही बराचसा त्याचाच. माणसं मांडीपर्यंत हौदात उतरून कातडी पायांनी तुडवतात. मग रंग. पूर्वी नीळ, मेंदी, केशर. आता रासायनिक रंगही आलेत.

वर आपण पुदिना हुंगत फोटो काढतो. खाली ओल्या काठावरून ओझं घेऊन चालणारा माणूस मान वर करून पाहतसुद्धा नाही.

(दृश्य : सपातांचं दुकान)

याच कातड्याच्या सपाता म्हणजे बलगा. पुरुषांच्या बहुधा पिवळ्या. भाव निम्म्यावर मागितला की दुकानदार कपाळाला हात लावतो, आणि मग चहा मागवतो.

आम्हीही एक जोड घेतला. रात्री खोलीत पिशवी उघडली, आणि शुवारा पुन्हा हजर.