सेल्फचं बटण सगळ्यात शेवटी

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागलं. सोसायटीच्या आवारात नाहीतर चाळीच्या जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभ्या राहिलेल्या मोटरसायकली आता बाहेर निघतील. बर्फाच्या देशांत लोक हिवाळाभर गाडी झाकून ठेवतात, आपल्या मुंबईत ती वेळ पावसाळा आणतो. जूनमध्ये लोकलचा पास काढायचा आणि गाडीला हात लावायचा तो थेट दसऱ्याच्या तोंडावर, असे आपल्यात पुष्कळजण आहेत. आजचं बोलणं त्यांच्याशी.

ताडपत्री काढली की अंगठा आधी सेल्फच्या बटणाकडे जातो. माझी कळकळीची विनंती आहे, तो तिथे सगळ्यात शेवटी जाऊ द्या. इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची झाली, असं होत नाही. ती थांबते का, हे आधी बघा.

म्हणून पहिलं काम ब्रेकचं. डिस्कवर तांबूस गंज दिसेल. वरळी-वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात जरा जास्तच. थर पातळ असेल तर काळजी नको. मोकळ्या जागेत हळू चालवत काही वेळा ब्रेक दाबले की पॅडच तो घासून काढतात. गंज सोडवायला डिस्कवर तेल किंवा स्प्रे मात्र चुकूनही मारू नका, ब्रेक लागणारच नाही. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा. अडखळत असेल तर ड्रममध्ये ब्रेक शू, म्हणजे आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, चिकटल्या असतील. मग ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. शहरात हे जाणवत नाही, पण घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की तापून त्यात वाफ होते आणि लिव्हर पोकळ जातो. ऑइल काळपट दिसलं किंवा बदलून दोन वर्षं झाली असली तर नवं भरून घ्या.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवा साचते. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी, सगळी टाकी रिकामी करून घ्या. कार्बोरेटरवाली जुनी गाडी असेल तर वाटीतलं शिळं पेट्रोलही काढायला सांगा, त्याच्या चिकट्याने जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, बुजतं.

सीटखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात टॉर्च मारून बघायला विसरू नका. उंदरांनी तिथे कागद-चिंध्यांचा संसार थाटलेला असतो, वायरी कुरतडलेल्या असतात. अशा उघड्या पडलेल्या वायरी एकमेकींना टेकल्या तर गाडी पेटू शकते.

आवारात पाणी भरलं असेल तर थांबाच. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल, या भागांतल्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बुडाला असेल तर एकदाही स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी ढकलतच मेकॅनिककडे न्या.

चेन रॉकेलने किंवा चेन क्लीनरने पुसा, पेट्रोलने नको, त्याने ओ-रिंग, म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या रबरी चकत्या, खराब होतात. आणि हे इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत करा. चालू गिअरमध्ये फडकं धरणाऱ्यांची बोटं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये जातात. टायरमध्ये हवा भरा, बाजूला बारीक भेगा दिसल्या तर टायर बदला. बॅटरी साडेबारा व्होल्टच्या बरीच खाली असेल तर चार्ज करून घ्या. विमा आणि पीयूसीची तारीखही तेवढ्यात बघा.

गाडी धुतली असेल तर ओल्या ड्रमने ब्रेक नीट लागत नाही, तो वाळू द्या. झेंडूचा हार पूजा झाली की निघण्याआधी काढून ठेवा. लोंबता दोरा पुढच्या चाकात अडकतो.

आता इंजिन सुरू करा. निघण्याआधी क्लच दाबून, गाडी गिअरमध्ये पुढे सरकते का बघा, क्लचच्या प्लेटा चिकटल्या असल्या तर ती झटका देते. पहिली फेरी आपल्याच गल्लीत, सकाळी रहदारी नसताना मारा. परत आल्यावर इंजिनखाली तेलाचा थेंब पडलाय का पाहा. मग दोन्ही चाकांच्या मध्याजवळ हाताचा पंजा न टेकवता धरा. एक चाक दुसऱ्यापेक्षा फारच गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. तो मोकळा करून घेतल्याशिवाय बोरघाटाकडे किंवा माळशेजकडे निघू नका.

नमस्कार.